मातीचा पारा, बियाण्याचा शब्द

भाजीच्या बियाण्याच्या पाकिटावर बरेच काही छापलेले असते. वाणाचे नाव, उगवणशक्तीची किमान टक्केवारी, शुद्धता, चाचणीची तारीख, बियाण्याला औषध चोळले असेल तर विषाचा इशारा. आणि ज्या दोन शब्दांसाठी शेतकरी शेजारच्या पाकिटापेक्षा जास्त पैसे मोजतो ते, 'रोगप्रतिकारक वाण'. ही प्रतिकारकता किती तापलेल्या मातीत टिकेल, हे मात्र पाकिटावर कुठेच नसते. पुढची पाने त्या न छापलेल्या ओळीसाठी आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: मुळांवाटे येणाऱ्या अनेक रोगांत झाडाच्या प्रतिकारशक्तीला तापमानाची हद्द असते, ती हद्द ओलांडली गेली की नाही हे वर्तमानपत्रातल्या हवेच्या आकड्यावरून कळत नाही, मुळांभोवतीच्या मातीवरून कळते, म्हणून वाण, लागवडीची तारीख आणि आच्छादन हे तीन निर्णय माती मोजल्यावाचून घेऊ नयेत. यात नवीन शोध काही नाही. वनस्पतिरोगशास्त्राने हे शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे. वाडीच्या कुंपणाच्या आत ते अजून पोचलेले नाही, एवढाच प्रश्न आहे.

बालाघाट जिल्ह्यात हा विषय जितका निकडीचा, तितकाच दुर्लक्षित आहे. हा जिल्हा १८६७ नंतरच्या काही वर्षांत भंडारा, मंडला आणि सिवनी यांचे तुकडे जोडून झाला. त्याचे नाव घाटावरच्या मुलखावरून पडले; मुख्यालयाचे गाव, ज्याला पूर्वी बुऱ्हा म्हणत, ते मात्र घाटाखाली वैनगंगेच्या खोऱ्यात आहे. खोरे समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटरवर, बैहरचे पठार त्याहून अडीच-तीनशे मीटर उंच. एवढ्या चढणीत हवेचे तापमान सर्वसाधारणपणे दीड-दोन अंशांनी उतरते. दीड-दोन अंश म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण प्रतिकारकतेची हद्द अशाच मोजक्या अंशांच्या पट्ट्यात असते, हे पुढे दिसेल. त्यात मातीचे प्रकार चार. काळी चिकण कन्हार, तिच्याहून हलकी मोरंड, पिवळसर रेताड सिहार आणि खडकाळ बरडी. ओली कन्हार सावकाश तापते आणि सावकाश निवते, कारण तिच्यातले पाणी उष्णता पिऊन घेते. कोरडी सिहार सकाळी तापते आणि रात्री निवते. वारासिवनीत एका बांधाच्या दोन बाजूंना एकाच दिवशी लावलेले एकच वाण दोन वेगळ्या हवामानांत वाढत असते, आणि जिल्ह्याला म्हणून दिलेली एकच शिफारस त्यातल्या एकालाच लागू पडते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. त्यामुळे इथल्या मराठी वाचकाला शेतीचा सल्ला जबलपूरहून हिंदीत आणि अकोल्याहून मराठीत असा दोन वाटांनी मिळतो. दोन्हींत बियाण्याचा दर, खताच्या मात्रा, फवारणीचे दिवस असतात. मातीच्या तापमानाचा आकडा क्वचितच.

या शास्त्राची सुरुवात कोबीच्या एका रोगापासून झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या आग्नेय भागात फ्युजेरियम बुरशीच्या मर रोगाने कोबीची शेते पिवळी पडून बसत होती. मॅडिसनच्या विद्यापीठातले एल. आर. जोन्स यांनी मेलेल्या शेतात उभे राहिलेले मोजके गड्डे निवडून त्यांचे बी धरले, आणि त्यातून 'विस्कॉन्सिन हॉलंडर' हे प्रतिकारक वाण निघाले. भाजीपाल्यातले जाणूनबुजून घडवलेले हे सुरुवातीच्या प्रतिकारक वाणांपैकी एक. पण लवकरच एक विसंगती ठळक झाली: थंड उन्हाळ्यात साधा कोबीही तगे, आणि कडक उन्हाळ्यात निवडलेला कोबीही डगमगे. जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक साधे पण चोख साधन तयार केले. पाण्याच्या मोठ्या हौदात मातीने भरलेले पत्र्याचे डबे बसवले आणि एकेका हौदातले पाणी वेगवेगळ्या अंशांवर स्थिर ठेवले. वरची पाने एकाच काचघरातली एकच हवा खात. फरक फक्त मुळांच्या तापमानाचा. या हौदांवरच्या कामाचा एकत्रित अहवाल १९२६ मध्ये निघाला. कोबीचा मर रोग थंड मातीत जवळजवळ दिसेनासा होतो आणि २६ ते २९ अंशांच्या मातीत सर्वांत जोर धरतो, हे त्यात आकड्यांनिशी आले.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. उष्णतेत बुरशी जोमाने वाढते, म्हणून रोग वाढतो. यात झाडाची प्रतिकारशक्ती ढळली असे कशावरून म्हणायचे? या प्रश्नाचे उत्तर जोन्स यांचे शिष्य जे. सी. वॉकर यांच्या कामातून मिळाले. त्यांना कोबीत दोन तऱ्हेची प्रतिकारकता आढळली. पहिली एकाच प्रभावी जनुकावर चालणारी, दुसरी अनेक जनुकांच्या थोड्याथोड्या वाट्यातून उभी राहिलेली. विस्कॉन्सिन हॉलंडरमधली ही दुसरी. माती २० ते २२ अंशांच्या पुढे गेली की दुसऱ्या तऱ्हेची रोपे रोगाला बळी पडू लागत, आणि पहिल्या तऱ्हेची रोपे २६ अंशांवरही निरोगी राहत. हौद एकच, बुरशी तीच, उष्णता तेवढीच. बुरशीचा जोर हेच सगळे कारण असते, तर दोन्ही रोपे सारखीच कोलमडायला हवी होती. एक ढळते आणि एक टिकते, याचा अर्थ उष्णतेने घातलेला घाव झाडाच्या संरक्षणावरही पडतो. बालाघाटच्या बागायतदाराला कोबीचा हा विशिष्ट रोग फार छळत नाही, हे खरे. पण 'प्रतिकारक' या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या चिवटपणाचा माल विकला जाऊ शकतो, हा धडा त्याच्या रोजच्या उपयोगाचा आहे.

तोच धडा टोमॅटोत अधिक स्पष्ट आहे. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींविरुद्धची टोमॅटोची प्रतिकारकता मुख्यतः एका जनुकावर उभी आहे. पेरू देशाकडच्या रानटी नातलगाशी १९४० च्या दशकात संकर करून ते लागवडीच्या टोमॅटोत आणले गेले. प्रतिकारक मुळात सूत्रकृमीची अळी शिरते, तेव्हा तिच्या तोंडाभोवतीच्या पेशी स्वतः मरून जातात आणि अळी उपाशी पडते. १९६९ मध्ये व्हिक्टर ड्रॉपकिन यांनी दाखवले की माती २८ अंशांच्या पुढे गेली की पेशींचे हे आत्मबलिदान कमी कमी होत जाते आणि ३३ अंशांच्या सुमारास प्रतिकारक झाडाच्या मुळांवरही साध्या झाडासारख्या गाठी येतात. अळी शिरल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस त्यांना निर्णायक दिसले. जिवाणूजन्य मर रोगाची गोष्टही अशीच: तैवानच्या भाजीपाला संशोधन केंद्रात १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २६ अंशांच्या मातीत टिकणाऱ्या काही टोमॅटो जातींनी ३२ अंशांच्या मातीत मान टाकली. यामागची यंत्रणाही आता बरीच उलगडली आहे. झाडाच्या संरक्षणातला एक मुख्य निरोप्या म्हणजे सॅलिसिलिक आम्ल. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील गटाने २०२२ मध्ये मोहरीच्या कुळातल्या अरबिडॉप्सिस या प्रायोगिक रोपात दाखवले की २८ अंशांना हे आम्ल तयार करण्याचा हुकूम देणारे एक जनुकच मुके होते. ते कृत्रिमरीत्या चालू ठेवले, तर उष्णतेतही संरक्षण परत येते. तेव्हा उष्णतेने झाड नुसते दमते असे नाही. त्याच्या पहारेकऱ्याला मिळणारी वर्दी बंद होते.

पण यावरून 'गरम माती वाईट, थंड माती चांगली' असा सोपा निष्कर्ष काढला, तर तो दुसऱ्या टोकाचा घोटाळा ठरेल. विस्कॉन्सिनमध्येच जेम्स डिक्सन यांनी १९२३ मध्ये एकच बुरशी गहू आणि मका या दोघांच्या रोपांवर सोडली. गहू गरम मातीत कुजला, मका थंड मातीत. गहू थंडीचा आणि मका उन्हाचा. ज्याला जी माती मानवत नाही, त्या मातीत तो हरला. कॅलिफोर्नियाच्या एल. डी. लीच यांनी १९४७ मध्ये हेच भाजीपाल्यात मांडले: बी जमिनीबाहेर येण्याचा वेग आणि बुरशीचा वाढण्याचा वेग यांची शर्यत असते, आणि ज्या तापमानाला बियाणे त्यात मागे पडते तिथे रोपकूज होते. म्हणून पालक उबदार मातीत कुजला, कलिंगड थंड मातीत. वैनगंगेच्या पात्रात थंडी सरण्याआधी टोकलेल्या टरबुजाचे बी ओल्या, गार वाळूत आठवडाभर पडून राहते, आणि सप्टेंबरच्या उबेत टाकलेला पालक वाफ्यातच बसतो. या दोन तक्रारी शेतकरी वेगवेगळ्या समजतो, एकीला दोष बियाण्याचा देतो आणि दुसरीला पावसाचा. दोन्हींचा उगम एकच: पिकाला हवा तो अंश मातीत नव्हता.

दुसरा आक्षेप प्रयोगशाळेवर आहे. हौदातली माती रात्रंदिवस एकाच अंशावर असते. शेतातली दुपारी तापते आणि पहाटे निवते. मग हौदातली हद्द शेताला कशी लावायची? या आक्षेपात तथ्य आहे, आणि २०१५ च्या एका अभ्यासाने त्याला आधारही दिला: टोमॅटोची सूत्रकृमी-प्रतिकारकता थोड्या तासांच्या तीव्र उष्णतेनेही मोडते, पण उष्णता सरली की काही दिवसांत परत येते. म्हणजे एका दुपारच्या भडक्याने सगळे गमावले असे नाही. पण धोका एका दुपारीत नसतोच, तो दुपारींच्या ओळीत असतो. पृष्ठभागावरची दिवस-रात्रीची तफावत १० सेंटीमीटर खोलीवर निम्म्याहून कमी उरते आणि ३० सेंटीमीटरवर जवळजवळ मिटते. मे महिन्यात मुळांच्या थराला रात्रीचा गारवा पुरेसा मिळत नाही. काल ढळलेली प्रतिकारकता सावरायच्या आत आजची दुपार येऊन उभी राहते. मुळांची उष्णता हवेच्या आकड्याशी किती फारकत घेते, हे आपल्याकडे पुण्यात फार पूर्वी मोजले गेले आहे. भारतीय हवामान खात्याची कृषी शाखा १९३२ मध्ये तिथे एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली. उन्हाळ्यात उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे जातो, आणि त्याच जमिनीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरला की तो ठळकपणे गार राहतो, हे त्यांच्या कामातून दिसले. सावलीतल्या हवेचा ४२ चा आकडा मुळांच्या भवितव्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही, आणि जमिनीवर काय पसरले आहे त्यावर बरेच काही ठरते, या दोन्ही गोष्टी त्यातून निघतात.

तिसरा आक्षेप सुशिक्षित शेतकऱ्याचा आहे: मग उष्णतेत न ढळणारे जनुकच बियाण्यात आणा, माती कशाला मोजायची? ते काम चालू आहे आणि चालू राहावे. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने जिवाणूजन्य मर रोगाला तोंड देणारी टोमॅटोची 'अर्का रक्षक' आणि वांग्याची 'अर्का निधी', 'अर्का केशव' ही वाणे दिली. शेजारच्या छत्तीसगडमध्ये रानवांग्याच्या खुंटावर वांगी-टोमॅटोची कलमे लावण्याची पद्धत चांगलीच रुजली आहे. पण एकट्या जनुकावर विसंबण्याची किंमत कोबीनेच दाखवून दिली. उष्णतेत टिकणारी ती एकजनुकी प्रतिकारकता सगळीकडे वापरली गेली, आणि १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात तिला न जुमानणारी बुरशीची दुसरी जात निघाली. टोमॅटोच्या जनुकाला चकवणाऱ्या सूत्रकृमीही आता ठिकठिकाणी आढळतात. जे वाण आज टिकते आहे, त्याचे आयुष्य वाढवायचे असेल तर त्याच्यावर रोगाचा दाब कमी पडला पाहिजे. आणि तो कमी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे ते त्याला मानवणाऱ्या मातीत लावणे. चांगले बियाणे आणि मोजलेली माती यांतून एक निवडण्याचा प्रश्नच येत नाही.

उरतो तो सर्वांत जुना आक्षेप: ऊन का कुणाच्या हातचे आहे? ऊन नाही, पण जमिनीत किती शिरू द्यायचे हे बऱ्याच अंशी हातचे आहे, आणि त्यासाठी लागणारी वस्तू या धानपट्ट्यात प्रत्येक खळ्यावर पडलेली असते. वरंब्यावर चार बोटे जाड तणस पसरा. दुपारी दोनला एक मातीचा तापमापक तणसाखाली आणि दुसरा शेजारच्या उघड्या वरंब्यात १० सेंटीमीटर खोल खुपसा. दोन काचांमधला पारा काही अंशांनी वेगळा उभा राहिलेला डोळ्यांनी दिसतो, आणि प्रतिकारकतेची हद्द मोजक्या अंशांची असते हे ज्याने वाचले आहे त्याला त्या फरकाची किंमत सांगावी लागत नाही. तणस गुरांचा चारा आहे, असे कोणी म्हणेल; मग गुरे टाकून देतात ते, भिजून काळे पडलेले वापरा. वाळवी लागते, हेही खरे; म्हणून तणस खोडाला चिकटवू नये आणि ओल राखावी. याउलट सरकारी अनुदानातून घरोघर आलेले काळे प्लास्टिक थंडीत उपयोगाचे आणि उन्हाळी लागवडीत घातक ठरू शकते, कारण ते माती आणखी तापवते. चंदेरी बाजू वर केलेले त्या मानाने बरे. पारदर्शक प्लास्टिक तर सर्वांत तापवणारे, आणि म्हणूनच त्याचा उपयोग उलटा करता येतो: ते एप्रिल-मेमध्ये रिकाम्या, ओलवलेल्या वाफ्यावर चार ते सहा आठवडे घट्ट ताणले की वरच्या थरातले अनेक रोगजंतू उष्णतेनेच मरतात. इस्रायलमध्ये १९७६ साली जाकोव कातान आणि सहकाऱ्यांनी मांडलेली ही रीत आमच्या मे महिन्यासाठीच बेतल्यासारखी आहे. आणि बालाघाटची खास जमेची बाजू म्हणजे बांधी. पावसाळाभर धानाखाली पाणी साचून राहिलेल्या जमिनीत वांगी-टोमॅटोच्या मुळांवरच्या सूत्रकृमी आणि मर रोगाचे जिवाणू यांची संख्या घटते. रब्बीची वांगी दरवर्षी त्याच उंच वाडीत लावण्याऐवजी धान निघालेल्या बांधीत लावली, तर माती गार आणि शत्रू कमी असा दुहेरी लाभ मिळतो. निचऱ्यासाठी उंच गादीवाफा मात्र हवाच.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. मान टाकलेले प्रत्येक झाड उष्णतेने हरलेले नसते, आणि मातीचा पारा ही प्रत्येक अपयशाची ढाल होऊ नये. तसे झाले तर खराब बियाणे विकणाऱ्याला आयतीच पळवाट मिळेल. आधी रोग ओळखावा. सुकलेल्या वांग्याचे खोड जमिनीजवळ कापून त्याचा बोटभर तुकडा काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टांगला, आणि काही मिनिटांत कापलेल्या तोंडातून दुधाळ धागे खाली उतरू लागले, तर तो जिवाणूजन्य मर. धागे नाहीत पण खोड चिरल्यावर आत तपकिरी रेषा दिसतात, तर संशय बुरशीवर. मुळे हलक्या हाताने धुतल्यावर मण्यांसारख्या गाठी दिसल्या, तर सूत्रकृमी. निदान झाले की मगच विचारावे की त्या आठवड्यांत माती किती अंशांवर होती. रोग ओळखलेला, तापमान हद्दीच्या आत आणि तरीही प्रतिकारक म्हणून घेतलेले वाण कोलमडले, तर शेतकऱ्याची तक्रार पक्की. आणि ती पक्की करणारा पुरावा त्याच्याच वहीत असेल. मातीचा पारा नोंदवणे हे बियाणे कंपनीच्या बाजूचे काम नाही, ते शेतकऱ्याच्या बाजूचे काम आहे.

म्हणून या पुस्तकातली पुढची प्रकरणे पीकवार लिहिलेली असली, तरी प्रत्येक प्रकरणात सल्ल्याशेजारी मातीच्या अंशांचा आकडा दिला आहे, आणि जिथे खात्रीचा आकडा उपलब्ध नाही तिथे सल्लाही बेताचाच ठेवला आहे. वाचकाला एकच विनंती. हवामान खात्याच्या कृषी वेधशाळांत जमिनीचे तापमान ५, १०, २० सेंटीमीटर खोलीवर सकाळी सात आणि दुपारी दोनच्या सुमारास घेतात. आपल्या वाडीत १० सेंटीमीटरचा एक तापमापक पुरे. लागवडीच्या आधीचा एक आठवडा आणि नंतरचे चार आठवडे, दोन वेळचे आकडे पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून ठेवा. कंपनीने न छापलेली ओळ तिथे तुमच्या हातची असेल.